दादा, तुझ्या सायकलीचा दांडा कापला

नागपूर,
सोमवार, संध्याकाळ

प्रिय दादा,

मायन्यापाशीच लेखणी अडली. शाळेत पत्रलेखनाचा धडा मी आयुष्यभर शिकवत आलो, त्यावर असंख्य विद्यार्थी अनुत्तीर्ण केले. परंतु दिवंगत ज्येष्ठ बंधूस काय संबोधावे, हे त्या धड्यात कुठेही दिलेले नाही. म्हणून नुसतेच ‘प्रिय’. हयात असतास तर या सलगीबद्दल कान पिळला असतास. आता ती सोय उरली नाही.

पत्रास कारण, विजय! काल तुझी लेक शालू खैरबोडीची टेकडी सायकलवरून चढली. पाय न टेकता, न उतरता, हातात पिशवी घेऊन मागून चालत येणाऱ्या कुणाचे साहाय्य न घेता. ही वार्ता सर्वांच्या आधी तुझ्या कानी घालावी असा माझा संकल्प होता. आळीतील यच्चयावत् घरांना ती मी सकाळीच सांगून आलो, हा भाग निराळा.

तथापि विजयाची वार्ता आणणारा सेनापती प्रामाणिक असेल तर रणांगणावरील हानीचेही निवेदन करतो. हानी अशी की, ज्या सायकलवरून ती चढली, ती तुझी सायकल होती. थांब, उठून बसू नकोस! पुढचे ऐक. ती आता तुला ओळखू येणार नाही.

काय ती तुझी भक्ती! रविवारी सकाळी अंगणात चटई अंथरून तू तिच्यापुढे मांडी घालून बसायचास, तेव्हा घरात कुणी उंच स्वरात बोलत नसे. प्रथम घासलेटाचा बोळा, मग कोरडे फडके, मग बोटाच्या टोकावर तेलाचा एकच थेंब. आपल्या कुळात देवपूजा कधी एवढी शास्त्रोक्त झाली नाही. चाकांत हवा भरण्याची मी एकदा सविनय तयारी दर्शविली, तर ‘तुझ्याच्यानं व्हॉल्व्ह बिघडेल’ असे म्हणून तू पंप पाठीमागे लपवलास. त्या समयी मी दोन विषयांत एम. ए. होतो!

आणि पलंगाखालची ती हिरवी ट्रंक! तिच्याविषयी मात्र मला तुझ्याशी भांडायचे आहे, दादा. रेल्वेच्या कचेरीतून घरी येताना तू कधी विलायती चामड्याचे सीट आणायचास, कधी पितळी झाकणांची पायडले, कधी ब्रेकचे रबर. सायकलीस हे सुटे भाग एकाहून एक सरस निवडायचास, दुकानदाराशी तासन्‌तास वाद घालायचास. आणि आणून काय करायचास? तेलकट कागदात गुंडाळून ट्रंकेत ठेवायचास! सायकलीवर आहे तेच जुने ठेवून नवे निद्रिस्त करायचे, हे कुठले शास्त्र?

अजनीच्या रेल्वे वसाहतीतला तो अँग्लो-इंडियन ड्रायव्हर आठवतो? सहकुटुंब ऑस्ट्रेलियाला निघाला, तेव्हा त्याच्याकडून तू तीन गतींचे हब घेतलेस. मागील चाकाच्या नाभिस्थानी बसणारे ते पोलादी नळकांडे. हँडलवरील कळ दाबावी तर चढावर पायडल हलके होते आणि सपाटीवर पुन्हा जड. तू ते मला हातात न देता दुरून दाखवलेस. मी पृच्छा केली, “बसवत का नाहीस?”

“नागपुरात चढ कुठं आहे?” तू म्हणालास.

“मग घेतलेस कशाला?”

“कधी काळी लागलं तर.”

तो ‘कधी काळी’ तुझ्या हयातीत उगवलाच नाही रे! तो उगवला तू गेल्यानंतर, आणि उगवला तो कुहीच्या बाजूला.

शालूने नर्सिंगचे शिक्षण पुरे केले हे तू पाहिलेस. तिची नेमणूक मात्र तू पाहिली नाहीस. कुहीच्या पुढे जिथे एसटी थांबते, तिथे तिचे दवाखानावजा दोन खोल्यांचे केंद्र आहे. पण ज्यांच्यासाठी ते केंद्र, ती खैरबोडी आदी गावे टेकडीच्या पलीकडे! मध्ये मुरमाचा चढ, उतरल्यावर धानाच्या बांध्या आणि त्या चिखल-खाचरांच्या अरुंद धुऱ्यावरून जाणारी पायवाट. तिच्या आधीच्या दोन नर्सबाई त्या टेकडीला हात जोडून परतल्या होत्या.

शालू पायी जाऊ लागली. एका बाळंतपणास ती पोचली, तोवर बाळ जन्मून, रडून, दमून झोपीही गेले होते. त्यावर आम्ही सगळे हसलो. दुसऱ्या वेळी ती पोचली, तेव्हा तिथे हसण्यासारखे काही उरले नव्हते.

त्या रविवारी ती घरी आली आणि नर्सची पिशवी तिने कोपऱ्यात ठेवून दिली. जेवली नाही. मला म्हणाली, “काका, मी नोकरी सोडून राह्यली. पाय असून पांगळी हाय मी तिथं.”

वहिनी पोळ्या लाटत राहिल्या. मी बोललो. (मी नेहमीच बोलतो.) म्हणालो, “दादाची सायकल आहे की!”

वहिनींनी पोळपाटावरून मान वर केली. “हात नोका लावू भाऊजी. त्यांनी मले कधी लावू नाही देल्ला, तं तुमाले कशी लावू देऊ?”

तुझ्या पश्चात त्या ती सायकल दर रविवारी स्वतः पुसत होत्या, हे तुला ठाऊक नसेल. घासलेट, फडके, एक थेंब तेल. चालवण्याचा प्रश्नच नव्हता.

इतवारीच्या बाजारात लेडीज सायकली होत्या, त्याही आम्ही पाहून आलो. नाजूक बांध्याच्या, निळ्या-गुलाबी. शालूने एकीचे मागचे चाक उचलून आपटून पाहिले आणि म्हणाली, “हे कॉलेजच्या रस्त्याची हाय. मुरमाची नाही.” तुझे तीन गतींचे हब त्या सायकलीच्या मागच्या काट्यात, चाक धरणाऱ्या त्या चिमट्यात, मावतही नव्हते. मोजून पाहिले.

तेव्हा मी वहिनींपुढे शास्त्रार्थ आरंभिला. अवयव बदलले असता अवयवी (म्हणजे मूळ वस्तू) तोच राहतो की अन्य होतो, हा आपल्या तर्कपंडितांचा प्राचीन वाद मी पूर्वपक्ष-उत्तरपक्षासह सविस्तर मांडला. तव्यावरची भाकरी करपली. याव्यतिरिक्त त्या विवेचनाचा कोणताही परिणाम झाला नाही.

निर्णय झाला तो दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि तोही माझ्याविना. मी चहा पीत होतो. वहिनींनी कोपऱ्यातली पिशवी उचलली, झटकली आणि शालूच्या मांडीवर ठेवली.

“शालू, तुह्या आजोबाच्या मागाचं जुनं काय राह्यलं होतं वं?”

शालू गोंधळली. तुझे-माझे विणकर बाबा गेले तेव्हा ती लहान होती. मग वहिनीच सांगू लागल्या. उमरेडच्या घरात नवी नवरी म्हणून आल्यावर त्या बाबांच्या हातमागाशेजारी बसून सुताच्या कांड्या भरायच्या. “धोटा फुटला, नवा आनला. फणी झिजली, नवी लावली. खांब वायवीनं खाल्ले, तेबी बदलले. अखीन मामाजी म्हनतच होते ना, माहा माग, माहा माग? लुगडं निघे ना त्याच्यावरून? माग तवा मेला, जवा त्याच्यावर बसनं बंद झालं.” मग माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, “न्या सायकल.”

एवढेच, दादा. ज्या प्रश्नावर पंडितांनी शतके झिजवली, तो चहा निवायच्या आत निकालात निघाला. मी कप खाली ठेवला आणि धोतर सावरून उठलो.

सक्करदऱ्याला शेषराव मिस्त्रीचे दुकान आहे. गृहस्थ विनयापासून संपूर्णतः मुक्त. आपण हात लावलेली सायकल कधी पंक्चर होत नाही, असे तो सांगतो आणि त्याच्या दुकानासमोर पंक्चरवाल्यांची रांग असते. ट्रंक उघडताच त्याने डोळे मिटून वास घेतला. “अस्सल विलायती! मास्तर, हे सगया माल डोये मिटून बसवा.”

“डोळे उघडून बसवू,” शालू म्हणाली.

आम्ही तिघे सायकल मोकळी करू लागलो आणि वहिनी स्टुलावर बसून पाहू लागल्या. सर्वप्रथम तुझे ते चामड्याचे सीट. कागद सोडवला, तर चामडे मधोमध उकललेले! बसल्याविना फाटलेले सीट मी प्रथमच पाहिले. पायडले मात्र उत्तम निघाली, ती बसली. टायरच्या बाबतीत मी सडपातळ, वेगवान जातीचा पुरस्कार केला. शालूने दूधवाल्यांचे निवडले, जाड आणि खरखरीत. “काका, त्यांचे कॅन सांडत नाही, मी काहून सांडन?” मी पुरस्कार मागे घेतला.

मग हब! मिस्त्रीने चाक नव्याने विणले, तारेमागून तार, आणि खरे सांगतो, पाहताना बाबांची बोटे आठवली. हबवरचे दंतचक्र मात्र त्याने मोठे बसवले, कारण मूळचे चक्र तुझ्या त्या ड्रायव्हरच्या सपाट वसाहतीसाठी होते. तीनही गती चालू झाल्या, तेव्हा आतून ‘टिक्‌ टिक्‌’ असा नाद आला. इतकी वर्षे मौन पाळलेला तो मुनी, दादा, अखेर बोलला! मी टाळी वाजवली. मिस्त्रीने ती स्वतःसाठी आहे असे समजून नमस्कार केला.

आणि तिथेच सगळे थांबले.

“पन हे जेन्टस हाय,” मिस्त्री म्हणाला. “मंधात दांडा हाय. बाई साडी नेसून टांग कशी टाकन?”

आम्ही एवढे सुटे भाग निवडले, तोलले, वाद घातले. आणि तिघांपैकी एकाच्याही ध्यानी हा साधा दांडा आला नव्हता! शालूच्या नोकरीचा गणवेश पांढरी साडी. मिस्त्री म्हणाला, दांडा कापून त्या जागी खालच्या बाजूला तिरकी नळी जोडता येईल. बाकीचे सगळे बदलता येते, परंतु सांगाडा कापायचा? तोच तर तुझा उरलेला एकमेव अंश!

मी वहिनींकडे पाहिले, आणि पाहायला नको होते असे वाटले. लग्नानंतर नागपुरात बिऱ्हाड केलेस, त्या वर्षी तू त्यांना त्याच दांड्यावर बसवून अंबाझरीला फिरायला न्यायचास. अवघ्या आळीने खिडक्या उघडून पाहिलेला तो रथोत्सव! मी घसा साफ केला. आपल्या स्मृतींचे पावित्र्य यावर चार वाक्ये सिद्ध केली.

“कापा,” वहिनी म्हणाल्या.

“पण वहिनी, त्या दांड्यावर आपण...”

“हो, बसत होती ना मी. तुमच्या दादाले वाटे, मी राणी होऊन बसली. मले तं दांडा टोचे! अंबाझरी येईपर्यंत मांडीले लालेलाल वय पडत.” त्या हसल्या, मग पदराने नाक पुसले. “त्याहिले कधी सांगतलं नाही. गाणं म्हनत राहे ना सायकल चालवतानी. कसं सांगू?”

दादा, हे तुला कळावे की नाही, याचा मी रात्रभर विचार केला आणि कळावे असे ठरवले. तू गाणे थांबवून एकदा तरी विचारायचे होतेस!

मिस्त्री मात्र करवत घेऊन तसाच उभा. “लोखंड हाय बाई, काकडी नाही. आन मंग म्हनान का मिस्त्रीनं मोडली!”

“मी नाही म्हनत. काप ना गा!”

दांडा कापला गेला. वहिनींनी तो तुकडा मागून घेतला आणि घरी नेऊन त्यावर वाळत घालायला पातळे टांगली. वस्तू टाकून देण्याचा संस्कार आपल्या घरात नाही, हे तुला सांगायला नको.

प्रथम परीक्षण सेमिनरी टेकडीवर झाले, नागपुरातल्या त्या चढावर, जो तुझ्या हिशेबी नव्हताच. चढताना सर्वत्र जयजयकार! कळ दाबली, पायडल हलके झाले, शालू वर. मी खाली उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना यंत्ररचना समजावून देत होतो. उतरताना मात्र ती माझ्या अंगावरून सरळ पुढे निघून गेली आणि बेशरमाच्या झुडपात अंतर्धान पावली. ब्रेकचे रबर! तुझ्या ट्रंकेतले, डोळे मिटून बसवलेले, अस्सल विलायती. वर्षानुवर्षे कागदात राहून त्याचा दगड झाला होता. चाकाला धरायचे कसे, हेच ते विसरले होते.

शालू झुडपातून निघाली, केसांतील पाने काढली आणि म्हणाली, “काका, बाबांनी हे जरा लवकर घासून संपवलं असतं तं बरं झालं असतं.” बोलली ती रबराविषयी. मला मात्र संपूर्ण ट्रंक दिसली, पलंग दिसला, आणि ‘बरे दिवस आले की’ म्हणून पुढे ढकललेले तुझे कितीतरी रविवार दिसले. का रे एवढे जपलेस?

दुसऱ्याच दिवशी गल्लीच्या कोपऱ्यावरचे देशी, नवे, काळेकुळकुळीत रबर आणले. घट्ट धरते. मिस्त्री तेव्हापासून देशी मालाचे गोडवे गातो.

आता कालची कथा. मी यंत्रपरीक्षणार्थ शालूच्या केंद्रावर गेलो होतो. नुकता बसलो, तोच खैरबोडीचा एक म्हातारा शेतकरी बंडी हाकत आला आणि बैल थांबायच्या आत खाली उतरला. “बाई, चाला! माह्या सुनंचं काही खरं दिसत नाही. बसा बंडीत!”

शालूने पिशवी कॅरियरला आवळली. “बंडीत काकाले बसवा. मी पुढं होते.”

म्हाताऱ्याने सायकलीकडे पाहिले, टेकडीकडे पाहिले, आणि सभ्य मनुष्य असल्यामुळे मला बंडीत चढायला हात दिला.

मी बंडीतून पाहत होतो. पायथ्याशी तिने कळ दाबली. पाय झरझर फिरू लागले, सायकल मात्र संथ, निश्चयी, एखाद्या हत्तिणीसारखी. मध्यावर मुरूम मोकळा होता. मागचे चाक घसरले, सायकल आडवी होऊ लागली. माझ्या मुखातून अख्खा श्लोक निघायचा होता, निघाला केवळ ‘अगं!’ तिने हँडल वळवले, नागमोडी चाल धरली, दूधवाल्यांच्या त्या टायरांनी पुन्हा माती पकडली. आणि दादा, ती माथ्यावर पोचली! आभाळाच्या कडेवर क्षणभर पांढरी साडी दिसली. विजयी वीर मागे वळून पाहतो असा संकेत आहे, म्हणून मी हातरुमाल हलवण्याच्या सिद्धतेत होतो. तिने वळून पाहिले नाही. तिला काम होते.

बंडी पोचली तेव्हा घरासमोर बायका उभ्या होत्या. आतून रडण्याचा आवाज आला. बारीक, संतप्त, तक्रारखोर. इतका सुश्राव्य ध्वनी मी कोणत्याही सभेत ऐकलेला नाही. “नात झाली गा तुले!” एक म्हातारी शेतकऱ्याला म्हणाली, आणि तो तिथेच बंडीच्या चाकाला टेकून बसला. नाळेचा वेढा बाळाच्या गळ्याभोवती होता, असे शालूने मला नंतर सांगितले. एवढे सांगून चहा प्यायली, दोन कप.

मग गावकरी सायकलीभोवती जमले. कुणी कळ दाबून पाहिली, कुणी टायर चिमटून पाहिले. म्हाताऱ्याने विचारले, “लय मजबूत हाय. कोनाची व्हय हे सायकल?”

हा प्रश्न माझाच, असे मी मानले. उभा राहिलो. ही मूलतः माझ्या कैलासवासी ज्येष्ठ बंधूंची, रेल्वेच्या सेवेत असताना त्यांनी परम निष्ठेने सांभाळलेली, अशा थाटाचे एक दीर्घ, अलंकृत वाक्य ओठांवर आले. तेवढ्यात शालू हात पुसत दारात आली.

“माझी,” ती म्हणाली.

मला क्षणभर लागले, दादा. तुझ्या वतीने लागले. अरे, निदान ‘बाबांची होती’ एवढे तरी! पण मग तिच्याकडे पाहिले. पदर खोचलेला, कपाळावर घाम, आणि हात सीटवर असा ठेवलेला, जसा आपण आपल्याच वस्तूवर ठेवतो, न पुसता, न जपता. तुझा हात त्या सायकलीवर कधी इतका निःशंक पडलेला मी पाहिला नव्हता. माझे ते दीर्घ वाक्य मी गिळले. त्याचे क्रियापद अजून घशात आहे.

दादा, दोन वचने देतो. पावसाळ्याच्या तोंडाशी ब्रेकचे नवे रबर घेऊन मी स्वतः तिच्याकडे जाईन, आणि ते त्याच दिवशी बसवले जाईल. दुसरे वचन देताना जड जाते, तरी देतो. यापुढे आळीत, शाळेत, एसटीत, कुठेही, कुणीही त्या सायकलीविषयी विचारले, तर मी तुझे नाव घेणार नाही. ‘शालूची’ म्हणेन, आणि तिथे पूर्णविराम देईन. माझ्यासारख्या माणसाला पूर्णविराम देणे किती कठीण, हे तुझ्याइतके कुणाला ठाऊक?

तुझा, एवढी एक अवज्ञा वगळता सदैव आज्ञाधारक,
धाकटा भाऊ
वसंता